मुलांवरच्या ऑनलाइन गुन्ह्यांचा तपास: पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे

नवी मुंबईत महापे एमआयडीसीतल्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये २०२४ पासून महाराष्ट्र सायबरचं, म्हणजे राज्याच्या सायबर गुन्हे तपास यंत्रणेचं, मुख्यालय आहे. राज्याच्या सायबर सुरक्षा प्रकल्पासाठी सरकारने ८३७ कोटी रुपये मंजूर केल्याची बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. कोपरखैरणे, घणसोली, कळवा, घोडबंदर रोड इथल्या आईवडिलांनी ती वाचली, की मनात एकच प्रश्न येतो: उद्या माझ्या लेकराला फोनवरून कुणी जाळ्यात ओढायला लागलं, तर या पैशातलं त्याच्यापर्यंत काय पोहोचणार?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. तपास कसा चालतो हे कळल्याशिवाय त्यावर खर्च कुठे होतो हे कळत नाही. म्हणून आधी तपास बघू आणि मग पैसा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. बँक खात्यातून दोन लाख गेले, तर ज्याचे गेले तो माणूस रोज पोलीस ठाण्यात येऊन उभा राहतो. फोन करतो, नगरसेवकाला आणतो, वर्तमानपत्रात बातमी देतो. मुलांवरच्या ऑनलाइन अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत असा फिर्यादीच नसतो. सात वर्षांच्या मुलाला आपला व्हिडिओ कुठेतरी फिरतोय हे ठाऊक नसतं. चौदा वर्षांच्या मुलीला ठाऊक असतं, पण ती घरी बोलत नाही. जिथे फिर्यादी नाही तिथे पाठपुरावा नाही आणि जिथे पाठपुरावा नाही तिथला पैसा दुसरीकडे वळायला वेळ लागत नाही. या कामासाठी निधी वेगळा बांधून ठेवावा असं मी म्हणते, ते एवढ्याचसाठी.

कायद्याचं थोडक्यात. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचं कुणीही या कायद्यापुढे बालक आहे, मुलगा असो की मुलगी. २०१९ च्या दुरुस्तीने संगणकावर बनवलेली, खऱ्या मुलासारखी भासणारी चित्रंही यात आली. म्हणजे वर्गाच्या ग्रुप फोटोतून एखादीचा चेहरा उचलून कुणी एआयने नग्न चित्र बनवलं, तर 'ते खरं नाही' ही पळवाट उरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब अशी सामग्री बनवणं, पसरवणं, शोधणं, उतरवून घेणं आणि मुलांना ऑनलाइन जाळ्यात ओढणं या सगळ्याला लागू होतं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अशी सामग्री फोनमध्ये साठवून ठेवण्याकडे कायदा काणाडोळा करणार नाही, हे २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. कायदा पुरेसा कडक आहे. खरी अडचण तो वापरायला लागणाऱ्या हातांची आहे.

खबर येते सातासमुद्रापारहून

फिर्यादी नसेल तर पोलिसांना कळतं कसं? बऱ्याच वेळा अमेरिकेतून. तिथल्या कायद्यानुसार समाजमाध्यमांच्या, ई-मेलच्या आणि फोटो साठवणाऱ्या कंपन्यांना मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री आढळली, तर ती एनसीएमईसी या संस्थेला कळवावीच लागते. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या या संस्थेची अशा खबरी घेणारी सायबर टिपलाइन १९९८ पासून सुरू आहे. २०२३ या एका वर्षात तिच्याकडे जगभरातून सुमारे ३ कोटी ६२ लाख अहवाल आले. त्यातले सुमारे ८९ लाख भारताशी जोडलेले होते आणि त्या वर्षी कुठल्याही देशाशी जोडलेला तो सर्वांत मोठा आकडा होता.

हा आकडा वाचून घाबरायला होतं, पण तो नीट वाचायला हवा. एकच घाणेरडा व्हिडिओ हजार जणांनी पुढे ढकलला तर हजार अहवाल होतात. अहवाल भारताशी जोडलेला आहे याचा अर्थ पाठवणारा भारतातून जोडलेला दिसतो एवढाच. व्हिडिओतलं मूल इथलं असेलच असं नाही. पण त्या ढिगाऱ्यात कुठेतरी इथलंही मूल असतं आणि ते नेमकं कोणत्या अहवालात आहे हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

२६ एप्रिल २०१९ ला भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने एनसीएमईसीशी करार केला. त्यानंतर हे अहवाल दिल्लीत येऊन तिथून राज्यांना वाटले जाऊ लागले. आपल्याकडे ते महाराष्ट्र सायबरकडे येतात आणि छाननीनंतर त्या त्या पोलीस आयुक्तालयाकडे किंवा जिल्ह्याकडे जातात. 'ऑपरेशन ब्लॅकफेस' या नावाने झालेली महाराष्ट्र सायबरची कारवाई अशाच खबरांवर उभी होती.

कंपन्यांना हे सापडतं कसं, तेही समजून घ्या. प्रत्येक फाइलवरून गणिताने अंक-अक्षरांची एक लांब ओळ काढता येते. तिला हॅश म्हणतात. आधी पकडल्या गेलेल्या चित्रांच्या हॅशची यादी कंपन्यांकडे असते आणि नवं काही चढवलं की ते त्या यादीशी ताडून पाहिलं जातं. चित्राचा आकार किंवा रंग थोडा बदलला तरी ओळखू शकेल असं फोटोडीएनए हे तंत्र २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजसोबत तयार केलं. पण यादीवरून सापडतं ते जुनंच, माहीत असलेलं. एखादा फोटो कुठल्याच यादीत नसेल तर तो नुकताच काढलेला असण्याची शक्यता असते. म्हणजे ते मूल अजूनही त्याच घरात, त्याच माणसाच्या तावडीत असू शकतं. आलेल्या अहवालांतून असा एक फोटो हुडकून काढणं हे या कामातलं सगळ्यात तातडीचं आणि सगळ्यात दमवणारं काम आहे. ते करायला शिकलेली माणसं लागतात, त्यांना सलग वेळ लागतो आणि ते दोन्ही पैशानेच मिळतं.

साडेपाच तासांचा फरक

अहवालात सहसा आरोपीचं नाव नसतं. खात्याचं टोपणनाव, कधी ई-मेल किंवा फोन नंबर, एक आयपी पत्ता (इंटरनेटच्या जोडणीला मिळणारा क्रमांक) आणि एक वेळ एवढंच असतं. इथून पुढचं काम बाहेरच्या कुणालाच दिसत नाही.

वेळ घ्या. अहवालातली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. समजा अहवालात ३ तारखेचे १९ वाजून १० मिनिटं लिहिलेत. आपल्या घड्याळात तेव्हा ४ तारीख उजाडलेली असते आणि रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटं झालेली असतात. पोलिसांनी इंटरनेट कंपनीला पत्र लिहिताना '३ तारीख, संध्याकाळी ७.१०' असं लिहिलं, तर कंपनी त्या क्षणाला तो पत्ता ज्याच्याकडे होता त्याचं नाव देईल. तो दुसराच कुणीतरी असेल. वर्दीतली माणसं भलत्याच दारात उभी राहतील आणि एका निरपराध कुटुंबाच्या वाट्याला आयुष्यभर पुरेल अशी बदनामी येईल.

वेळ बरोबर लिहिली तरी भागत नाही. मोबाइल कंपन्या आणि अनेक ब्रॉडबँडवाले एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. सोसायटीचं नाव आहे पण फ्लॅट नंबर नाही, अशी ती गत होते. तो फ्लॅट नंबर म्हणजे पोर्ट क्रमांक. तो अहवालात नसेल, किंवा कंपनीला विचारायचा राहून गेला, तर धागा तिथेच तुटतो. गावठाणात, चाळीत केबलवाल्याकडून नेट घेतलेलं असतं आणि एका वायफायवर तीन खोल्या चालतात. तिथे तर दारापर्यंत पोहोचल्यावरही आतलं नेमकं कोण हे शोधावंच लागतं.

हे सगळं मुदतीत व्हावं लागतं. परवान्याच्या अटींनुसार दूरसंचार कंपन्यांनी अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या असतात. डिसेंबर २०२१ च्या आधी ही मुदत एक वर्षाची होती. एखादा अहवाल परदेशातून दिल्ली, दिल्लीहून महापे आणि महाप्याहून आयुक्तालय असा येऊन, माणूस नाही म्हणून पडून राहिला, तर नोंद पुसली जाते आणि गुन्हा कायमचा निसटतो.

दारातून प्रयोगशाळेपर्यंत

समजा पत्ता पक्का झाला. झडती घ्यायची आहे. सोबत दोन पंच हवेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रीकरण करणंही बंधनकारक आहे. फोन हातात आला की पहिलं काम त्याचं नेटवर्क तोडणं, कारण दुसऱ्या टोकाला बसलेला कुणीही दुरून त्यातला मजकूर पुसू शकतो. विमान मोड लावायचा आणि सिग्नल अडवणाऱ्या फॅरेडे पिशवीत फोन ठेवायचा. पिशवी किरकोळ वस्तू आहे, पण वेळेला ती गाडीत नसेल तर पुढचा सगळा खटला डळमळू शकतो.

मग प्रत काढायची. मूळ फोन किंवा हार्ड डिस्क उघडून बघायची नसते. उघडली की तिच्यातल्या तारखा बदलतात आणि बचाव पक्षाचे वकील त्यावर बरोबर बोट ठेवतात. मूळ वस्तूवर काहीही लिहिलं जाऊ नये म्हणून मध्ये राइट ब्लॉकर लावतात, जशीच्या तशी प्रत कोऱ्या डिस्कवर घेतात, दोन्हींचा हॅश काढतात आणि तो नोंदवतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो आणि त्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. मुद्देमालाचं सील शाबूत हवं, तो ज्यांच्या हातून गेला त्या प्रत्येकाची नोंद हवी.

यात खर्च कसा लागतो बघा. प्रत्येक प्रकरणात नव्या कोऱ्या डिस्क लागतात, कारण प्रतीही निकालापर्यंत जपून ठेवायच्या असतात. फोनमधली माहिती काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना वर्षावर असतो. बाजारात दर महिन्याला नवे फोन येतात आणि परवाना नूतनीकरण झालं नाही तर तेच महागडं यंत्र नव्या फोनपुढे हात टेकतं. यंत्र घेतल्याची नोंद कागदावर राहते, ते चालू आहे का हे कुणी विचारत नाही.

पुढचा टप्पा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा. राज्याच्या संचालनालयाचं मुख्यालय कलिन्याला आहे. तिथे फक्त मुलांच्या प्रकरणांतले फोन येत नाहीत. खून, अपघात, फसवणूक, अमली पदार्थ, सगळ्यांतलेच येतात. शिवाय नव्या संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुभा आहे, पण भार वाढणार हे ठरलेलं आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये न्यायवैद्यक पायाभूत सुविधांसाठी २,२५४.४३ कोटींची राष्ट्रीय योजना मंजूर केली आहे, २०२८-२९ पर्यंतची. ती चांगलीच आहे. पण पॉक्सोच्या फोनला प्रयोगशाळेच्या रांगेत वेगळी जागा हवी, हे कुणीतरी ठरवून कागदावर आणावं लागेल.

पैसा कोण देतं

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे मुख्य भार राज्याच्या गृह विभागाच्या अर्थसंकल्पावर येतो आणि त्यातला मोठा वाटा पगारातच जातो.

केंद्राकडून मदत येते ती योजनांमधून. आपल्या विषयाच्या सर्वांत जवळची योजना म्हणजे महिला आणि बालकांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांना प्रतिबंध करणारी, निर्भया निधीतून चालवलेली सीसीपीडब्ल्यूसी. निर्भया निधी २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींनी सुरू झाला. खर्च न झालेली रक्कम ३१ मार्चला परत जाणार नाही, अशीच त्याची रचना केलेली आहे. सीसीपीडब्ल्यूसीतून सायबर न्यायवैद्यक व प्रशिक्षण प्रयोगशाळा, कनिष्ठ सायबर सल्लागार आणि पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश यांचं प्रशिक्षण यासाठी राज्यांना पैसे मिळाले. सगळी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १३१.६० कोटी. छत्तीस जणांत सारखे वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन कोटींच्या थोडे वर आले असते, तेही काही वर्षांत मिळून. राष्ट्रीय तक्रार पोर्टल आणि दिल्लीतलं भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र यांचा खर्च केंद्र स्वतंत्रपणे करतं.

तिसरा स्रोत आपल्या सगळ्यात जवळचा आहे आणि त्याच्याकडेच आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं. जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष, आमदार-खासदार सदस्य. पोलिसांच्या गाड्या, सीसीटीव्ही, पोलीस ठाण्यांची डागडुजी यासाठी इथून पैसे मिळतात. महिला आणि बालविकासासाठी जिल्हा निधीतले तीन टक्के राखून ठेवायचं धोरणही राज्यात आहे. नवी मुंबईचा पेच इथे कळतो. पोलीस आयुक्तालय एक, पण ऐरोली-वाशी-बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल-उरण रायगडमध्ये. एकाच आयुक्तालयाला दोन पालकमंत्र्यांच्या दोन बैठकांत मागणी मांडावी लागते. ठाणे जिल्ह्याचंही असंच: ठाणे शहर, नवी मुंबई, मीरा-भाईंदर वसई-विरार ही आयुक्तालयं आणि ठाणे ग्रामीण हे सगळे एकाच थैलीकडे बघत असतात.

सीसीटीव्हीबद्दल माझं स्पष्ट मत सांगते. नाक्यावर कॅमेरे हवेतच. पण मुलांच्या सुरक्षेवर खर्च केला असं सांगताना फक्त कॅमेरे मोजले जात असतील तर ते खरं चित्र नाही. हा गुन्हा दार लावलेल्या खोलीत, पांघरुणाखालच्या फोनवर घडतो. तिथे नाक्यावरचा कॅमेरा पोहोचत नाही.

पैसा मंजूर होण्यापासून हातात पडेपर्यंतची वाटही लांब आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्प, मग प्रशासकीय मान्यता, शासन निर्णय, बीडीएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर निधी वितरण, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर निविदा, कोषागारातून देयक. केंद्राचा पुढचा हप्ता हवा तर आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. इमारतीला हा उशीर चालून जातो. सप्टेंबरला संपणाऱ्या परवान्याला चालत नाही. प्रकल्पात खरेदी भांडवली, म्हणजे एकदाच्या, खर्चातून होते आणि तीनेक वर्षांनी देखभाल महसुली, म्हणजे दरवर्षीच्या, खर्चावर येते, तेव्हा त्यासाठी तरतूद केलेलीच नसते. सरकारी यंत्रं धूळ खात पडलेली दिसतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

माणूस टिकला तर तपास टिकतो

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचाच अधिकारी करू शकतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे निरीक्षकाचा एका पोलीस ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा. या दोन तरतुदी शेजारी ठेवून बघा. ज्याला तपास करता येतो असा अधिकारी ठाण्यात मोजकाच. त्याला यूटीसी, पोर्ट, हॅश, एनसीएमईसीचा अहवाल कसा वाचायचा हे शिकायला सहा महिने तरी जाणार. दीड वर्ष चांगलं काम केलं की बदलीचा आदेश. नवा येतो, पुन्हा पहिल्यापासून. हाताखाली कंत्राटी सल्लागार असेल तर खासगी कंपनीत दुप्पट पगार मिळाल्यावर तो का थांबेल?

त्यातच सायबर पोलीस ठाण्याचं बहुतेक बळ आर्थिक फसवणुकीत खपतं. ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन आला की पहिले काही तास मोलाचे असतात, पैसे गोठवायचे असतात. ते काम महत्त्वाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच टेबलावर, त्याच दोन हवालदारांपुढे मुलांच्या अहवालांचा गठ्ठा ठेवला तर कोणता आधी उचलला जाईल हे सांगायला नको.

आणखी एका खर्चाबद्दल कुणीच बोलत नाही. ही चित्रं कुणाला तरी बघावी लागतात. भिंतीचा रंग, गणवेशाचा बिल्ला, खिडकीबाहेरचा पाण्याचा टँकर, मागे ऐकू येणारी भाषा, अशा खुणांवरून जागा शोधायची तर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघावा लागतो. घरी आपली पोरं असलेला माणूस आठ तास हे बघून संध्याकाळची लोकल पकडतो. त्याला समुपदेशक मिळणं, काही काळाने त्या कामातून मोकळीक मिळणं ही चैन नव्हे. त्याची तरतूद केली नाही तर चांगली माणसं या कामातून निघून जातात.

अमेरिकेतल्या राज्यांनी काय केलं

तिथे १९९८ पासून मुलांविरुद्धच्या इंटरनेट गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कृती दलं आहेत. देशभरात ६१. त्यांना संघराज्याच्या न्याय विभागाकडून दरवर्षी अनुदान मिळतं. ते पुरत नाही म्हणून काही राज्यांनी आपापला कायदा केला. तो 'अ‍ॅलिशाज लॉ' म्हणून ओळखला जातो. जानेवारी २००२ मध्ये पिट्सबर्गची तेरा वर्षांची अ‍ॅलिशा कोझाकिएविच इंटरनेटवर ओळख झालेल्या माणसाच्या हाती सापडली. तो तिला व्हर्जिनियाला घेऊन गेला आणि एफबीआयने तिला चौथ्या दिवशी सोडवलं. मोठी झाल्यावर तिने राज्याराज्यांत जाऊन एकच मागणी लावून धरली: या तपासासाठी पैसा वेगळा काढा आणि दरवर्षी द्या. व्हर्जिनियात दोषी ठरणाऱ्या प्रत्येकाकडून थोडी ठरावीक रक्कम घेऊन ती अशा निधीत टाकतात.

तशीच वसुली आपण करावी असं मी म्हणत नाही. गरीब आरोपीकडून काय मिळणार, आणि गुन्हेगारीच्या चढउतारावर तपासाचा पैसा का अवलंबून ठेवायचा? घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तिथे निधीला स्वतःचं खातं आहे आणि ते दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. निर्भया निधीच्या रूपाने हा विचार आपल्याकडेही रुजलेला आहे. राज्याने गृह विभागाच्या मागणीत मुलांवरच्या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तपासासाठी एक स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाचं वेगळं खातं, उघडलं आणि त्यात परवाने, डिस्क, प्रशिक्षण, समुपदेशन असा आवर्ती खर्च टाकला, तर किती आले आणि किती खर्च झाले हे कुणालाही वाचता येईल. आज ते सायबर सुरक्षेच्या मोठ्या आकड्यात विरघळून जातं.

मूल सापडल्यानंतर

आरोपी पकडला म्हणजे खर्च संपला असं नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, वर्दी न घालता घ्यायचा असतो. पॉक्सो नियम २०२० मध्ये मुलासोबत सुरुवातीपासून खटला संपेपर्यंत राहणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद आहे. कुटुंबाला अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती विशेष मदतीची शिफारस करू शकते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याभरात ती रक्कम द्यायची असते. ही सोय अनेक कुटुंबांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. समितीपुढे गेलात तर विचारा.

कायदा म्हणतो, न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. जलदगती विशेष न्यायालयांसाठी ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या टप्प्यात १,९५२.२३ कोटी मंजूर झाले होते. त्यातले १,२०७.२४ कोटी केंद्राचे, निर्भया निधीतून. बाकीचे राज्यांनी घालायचे. पण प्रयोगशाळेचा अहवालच आला नसेल तर जलदगती न्यायालयाकडे तारीख देण्यापलीकडे काही उरत नाही.

आपल्या घरात घडलं तर

मूल सांगतंय तेव्हा रागावू नका, फोन हिसकावून घेऊ नका. चॅट, खातं, फोटो काहीही पुसू नका. समोरच्याला शिव्या घालून सावध करू नका, पैसे तर मुळीच पाठवू नका. खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ कागदावर लिहून काढा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. मदतीसाठी १०९८ (मुलांसाठी) आणि ११२ (आपत्कालीन) हे फोन क्रमांक आहेत. पोलीस ठाणं 'ही आमची हद्द नाही' म्हणू शकत नाही. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून त्यांनीच तो पुढे पाठवायचा आहे. कुणीतरी फिरवलेला व्हिडिओ तुमच्याकडे आला तर 'बघा काय चाललंय' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. टाकणाराही कायद्याच्या कक्षेत येतो आणि त्या लेकराची विटंबना आणखी शंभर घरांत पोहोचते. मुलाने स्वतःचा फोटो पाठवला असेल आणि तो पसरायची भीती असेल, तर एनसीएमईसीची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो कुणाला द्यावा लागत नाही. हॅश तुमच्याच फोनवर तयार होतो आणि सहभागी कंपन्यांकडे तेवढाच जातो.

विचारायचं कुणाला

अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला गाठून तारांकित प्रश्न टाकायला सांगता येतो. पालकसभेतर्फे, सोसायट्यांच्या महासंघातर्फे पालकमंत्र्यांना जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी निवेदन देता येतं. आणि माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आयुक्तालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. कुणाचं नाव किंवा चालू तपासाचा तपशील मागितला तर तो नाकारला जाईल आणि तसं नाकारणं योग्यच आहे. म्हणून एवढंच विचारा: एका अर्जात सायबर पोलीस ठाण्यात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, दुसऱ्या अर्जात मोबाइल तपासणीच्या सॉफ्टवेअरचा परवाना कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत त्याच्या नूतनीकरणावर किती खर्च झाला. उत्तरासाठी त्यांना तीस दिवस असतात.